टॅगर्टचा धुरा

अख्ख्या आशिया खंडात आयरिश कवी लॉर्कन टॅगर्टवर अधिकारवाणीनं बोलू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो अमरावतीत राहत होता. दुसऱ्या कुणाला बोलायची हौस नव्हती, हा भाग वेगळा. प्रा. वसंतरावांच्या पीएच.डी.च्या वेळी मोठे कवी आधीच वाटले गेले होते; त्यांच्या वाट्याला टॅगर्ट आला.

आता निवृत्तीनंतर त्यांची एकच इच्छा होती, आपल्यामागे टॅगर्टला निदान एक वाचक उरावा. पत्नी विमलताई हिशेबात नव्हत्या. त्यांना सगळ्या कविता पाठ होत्या, पण नाइलाजानं.

त्यामुळे अकोल्याला जठारपेठेतल्या एका वाचनालयानं व्याख्यानाला बोलावताच वसंतराव छाती काढून निघाले. टॅगर्ट हा खेड्यातला मास्तर. शेजाऱ्यानं त्याच्या शेताची दगडी भिंत सरकवली आणि मास्तराचा कवी झाला. पुढं आयुष्यभर तो त्या भिंतीवरच लिहीत राहिला.

“हे शेजाऱ्या, तू माझी सीमारेषा उल्लंघिलीस!” वसंतरावांनी आपला अनुवाद वाचला. सभागृह पेंगू लागलं.

“सीमारेषा क्रिकेटात असते,” पहिल्या रांगेतून विमलताई पुटपुटल्या.

मागं पंजाबराव नावाचे शेतकरी शेजारच्याच्या कानाला लागले होते, पण आवाज साऱ्या सभागृहात. “धुरा कोरून राह्यला ना बाप्पा तो माहा! दर नांगरटीले आत घुसते!”

वसंतराव थबकले. सीमारेषा म्हणजे इथला धुरा, शेताचा बांध! त्यांनी चष्मा काढला, कागद उलटा ठेवला आणि गरजले, “अबे शेजाऱ्या, माहा धुरा काहून कोरला बे?”

सभागृह खडबडून जागं झालं.

“कोन व्हय तो शेजारी? नाव सांगा!” श्रोत्यांतल्या मनकर्णाबाई उठून उभ्याच राहिल्या.

“मोजणी आणली काय मास्तरनं?” दुसरीकडून आवाज आला.

मग वऱ्हाडीतच कडव्यामागून कडवं येत गेलं आणि शेवटी तर शिट्टी वाजली. वसंतरावांना असं यश लग्नातही मिळालं नव्हतं. त्यांनी समारोप केला, “अखेर टॅगर्ट खटला जिंकला. भिंत जागेवर आली, आणि त्या दिवसापासून त्याला एक ओळ सुचली नाही. कोर्टानं शेत परत दिलं, पण कवी जप्त केला!”

टाळ्या थांबायच्या आत पंजाबराव गर्दीतून वाट काढत थेट मंचावर आले. डोळे भरलेले. वसंतरावांनी विमलताईंकडे एक विजयी नजर टाकली आणि अनुवादाच्या प्रतीवर सही करायला पेन उघडलं.

“सर,” पंजाबराव त्यांचा पेनाचा हात धरून म्हणाले, “त्या टॅगरटचा वकील कोन होता? नंबर भेटन काय त्याचा?”