पाखऱ्याचा पिच्चर

"पिच्चरमधी तुज्या बैलाचं शिंगबी दिसायचं न्हाई," मी सयाजीला पारावर सगळ्यांसमोर म्हणालो. "दिसलं, तर मी झूल पांघरून हंबरत भर बाजारातून जाईन."

"आन् न्हाई दिसलं तर मी जातो, रामनाथ!" सयाजी म्हणाला.

लागली पैज.

सयाजी माझा शेजारी. आमी लहानपणी ऐकलेल्या एका गोष्टीवर पिच्चर निघाला. बोलणारा बैल एका पोरीला पाठीवर घेऊन ढगापल्याड आजीकडं नेतो, ती गोष्ट. बैल म्हणून सयाजीचा पाखऱ्या घेतला. शूटिंगपायी यंदा पाखऱ्या एकाबी यात्रेत शर्यतीला पळाला न्हाई. वर सयाजीनं वेशीवर फ्लेक्स लावला, 'सिनेस्टार पाखऱ्या'. आता बैल दिसला न्हाई तर बोरी बुद्रुकमधी तोंड दाखवायला जागा न्हवती.

मी निवांत. शूटिंगला पाखऱ्याला शिंगांपासून खुरापर्यंत हिरवं कापड गुंडाळलं व्हतं. सयाजीला वाटलं, मानाची झूल! मला मंचरच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं सांगितलं व्हतं, हिरवं ते समदं कॉम्प्युटर पुसतो आन् तिथं पायजे ते बसवतो. मी गप बसलो. मजा कोण घालवणार?

रविवारी दुपारी किराणावाल्या माणिकचंद शेठच्या टीव्हीवर पिच्चर लागला. पंचबी शेठच.

गोष्टीतली पोर गूळ मागायची, ही पिच्चरमधली तलवार मागत व्हती. आजीला सुरुवातीलाच मारली. राक्षस अर्धा तास रडला, का तर बापानं कधी जवळ घेतला न्हाई. आन् बैलाच्या जागी आग ओकणारा, पंखांचा सरडा, हिंदीत शायरी करणारा.

"ह्यो कोन?" सयाजीनं टीव्हीकडं बोट केलं.

"तुजा पाखऱ्या. जिम लावलीय त्यानं."

दुकान हसलं. सयाजी चपला शोधाया लागला. तेवढ्यात त्याची बायको लंकाबाई ओरडली, "शेठ, थांबवा! डोक्यावर बघा त्याच्या!"

सरड्याच्या डोक्यावर दोन रंगवलेली शिंगं. टोकाला लाल गोंडे.

"झुलीतनं शिंगं बाहेर नकोत व्हय?" लंकाबाई म्हणाली. "सायेब लोक जेवाया गेल्यावर मीच कातरीनं भोकं पाडली."

येवढ्या कोटींचा पिच्चर, पण कुणी नीट बघितलाच न्हवता!

"शिंगं पाखऱ्याचीच," शेठ म्हणाले. "रामनाथ, वाका."

बाजाराच्या दिवशी पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कासरा सयाजीच्या हातात. मी हंबरत निघालो. भाजीवाल्या बाया मेथी फेकत व्हत्या. चौकात लंकाबाईनं पेंडीचं घमेलं पुढं ठेवलं.

"खावा भाऊजी, लाजू नका. पिच्चरवाल्यांनी आमच्या हिरोलाबी येवढंच दिलं व्हतं."