डब्यावरची लाल ओळ

मी एक जुना ढोल आहे. वाजवायचा नव्हे, पावडर मिसळायचा. माझे अंग स्टीलचे, पोट आडवे आणि गोल. आत एका दांड्यावर पिळदार पाती बसवलेली आहेत. मोटर सुरू झाली की ती फिरतात आणि पोटातली पूड खालीवर घुसळतात. त्यांतले एक पाते आज अर्धेच उरले आहे. मित्रांनो, ते कसे तुटले आणि त्यानंतर माझ्या पोटातून काय बाहेर गेले, ते मला तुम्हांला सांगायचे आहे. सांगताना मला बरे वाटणार नाही. पण सांगायला हवे.

माझा जन्म मुलुंडच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या आणि शरच्चंद्र नावाचे एक गृहस्थ दिवसभर स्टुलावर बसून प्रत्येक जोड बोटाने चाचपून बघत होते. ते रसायनशास्त्र शिकलेले. एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षे काम करून त्यांनी नोकरी सोडली होती. का सोडली, याचे कारण खारदांड्याच्या कोळीवाड्यात होते. दर रविवारी ते तिथे मासळी घ्यायला जात. सुलक्षणा नावाची कोळीण त्यांना मासे देई. बर्फाच्या पाण्यात उभे राहून तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फाटलेली असे. तुम्ही त्याला चिखल्या म्हणता. एकदा ती टोपलीपुढून उठताना कळवळली, आणि शरच्चंद्र मासे न घेताच घरी गेले.

मग त्यांनी पायाला लावायची पूड बनवायचे ठरवले. त्यांना त्यात सुगंध नको होता, रंग नको होता. शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कम पावडरीच्या दगडाची, मऊ भुकटी, थोडी तुरटी आणि झिंक ऑक्साइड, एवढेच. जस्त जाळले की जी पांढरीशुभ्र भुकटी मिळते, ती ही. तुरटी ओल आटवते आणि जस्ताची भुकटी जंतूंना वाढू देत नाही. ही खनिजे जमिनीतून येतात, माणसाच्या पायाखालून. शेवटी ती त्याच्या पायाच्याच कामी येतात, याचे मला फार कौतुक वाटे.

गोरेगाव पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला आणि मला तिथे बसवले. माझ्याजवळ काम करायला जानकीबाई आल्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. त्यांचे यजमान धाकू तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन म्हणून उभे राहिले ते राहिलेच. जानकीबाई जस्ताची भुकटी बारीक चाळणीने चाळत. ती हट्टी असते, गोळे धरते. चाळली नाही तर एका डब्यात सगळे जस्त जाते आणि दुसऱ्यात नुसते शंखजिरे. चाळून झाले की मी चाळीस मिनिटे फिरे. कोणत्याही डब्यावर अन्याय होऊ द्यायचा नाही, हे माझे काम होते.

प्रत्येक लॉट झाला की शरच्चंद्र तीन डबे उघडत. एकेका डब्यातली चिमूटभर पूड चमच्यात घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवत. झिंक ऑक्साइड तापले की पिवळसर होते आणि निवले की पुन्हा पांढरे. तिन्ही चमचे सारखे पिवळे झाले की ते मान हलवत. मग जानकीबाई डब्यांवर लेबले चिकटवत. लेबलावर तळाशी लाल अक्षरांत एक ओळ होती. ‘हे औषध नाही. जखमेवर लावू नये. मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना पाय दाखवावा.’ दुकानदार म्हणत की या ओळीने गिऱ्हाईक बिचकते. शरच्चंद्र म्हणत, बिचकू दे.

ती वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. एकदा सुलक्षणा गाळ्यावर आली. तिने चप्पल काढून आपली बोटे फाकवून दाखवली. कातडी भरून आली होती. पूड कशातून निघते ते तिला बघायचे होते. जानकीबाईंनी माझे झाकण उघडले तेव्हा तिने आत डोकावून पाहिले आणि माझ्या अंगावरून तळवा फिरवला. माझ्या अंगाला त्या दिवशी बांगड्याचा वास लागला. जानकीबाईंनी तो दोन दिवस पुसला नाही.

मग शरच्चंद्रांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. त्यांचा मुलगा मुकुल पवईच्या एका कंपनीत चांगल्या पगारावर होता. ती नोकरी सोडून तो गाळ्यावर आला. मित्रांनो, मुकुल वाईट नव्हता, हे मी तुम्हांला आधीच सांगतो. वडिलांचे काम बंद पडू नये म्हणूनच तो आला होता. पण त्याला घाई होती. त्याने नवे लेबल छापून घेतले. त्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत होते, ‘दुप्पट जंतुनाशक! पायाच्या सर्व तक्रारींवर एकच उपाय.’ लाल ओळ त्याने काढून टाकली. चमचे तापवणेही थांबले. पहिल्या लॉटचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट आहे ना, तो म्हणाला.

मे महिन्यात एका मोठ्या दुकानसाखळीची ऑर्डर आली. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरू लागलो. चाळीस मिनिटांची पंधरा झाली. एके दिवशी माझ्या आत काहीतरी तडकले. एका पात्याचा जोड सुटला होता. प्रत्येक फेऱ्याला ते पाते पोटावर आपटू लागले. टक, टक. मला बोलता येत नाही. तेवढाच आवाज मला करता आला.

जानकीबाईंनी तो ऐकला. हातातली चाळणी खाली ठेवून त्या मुकुलकडे गेल्या. “दादा, आवाज बदललाय. बंद करून आत बघा.”

“मावशी, हा लॉट जाऊ दे. मग उघडू ना.”

त्या परत आल्या. माझ्या अंगावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी पुन्हा चाळणी उचलली. दुपारी ते पाते मधोमध तुटले आणि अर्धा तुकडा आत पडला. माझ्या एका कोपऱ्यात पूड नुसती पडून राहू लागली. त्या दिवशीचे डबे तसेच भरले गेले.

त्यांतला एक डबा जानकीबाईंनी घरी नेला. धाकूंना मधुमेह होता आणि वॉचमनच्या बुटात त्यांच्या उजव्या पायाच्या बोटांमध्ये चीर पडली होती. जानकीबाईंनी त्यांना डॉक्टरकडे चला म्हणून सांगितले. पुढे काय झाले ते त्यांनी नंतर गाळ्यात सांगितले, म्हणून मला ठाऊक आहे. धाकूंनी डबा उचलला, हाताभरावर धरला आणि म्हणाले, “डब्यार काय लिवलाला आसा ता वाच आधी. माका डॉक्टर कित्याक होयो?”

जानकीबाईंना ती जुनी लाल ओळ पाठ होती. हजारो डब्यांवर त्यांनीच ती चिकटवली होती. त्यांनी ती म्हणून दाखवली. धाकू म्हणाले, ती जुनी गोष्ट, आता पूड दुप्पट झाली आहे. आणि जानकीबाईंनाही ते खरे व्हावेसे वाटले. रोज पाय धुऊन त्या स्वतः पूड लावत. चीर दिसेनाशी होई, कारण ती पुडीने भरून जाई. मधुमेहामुळे धाकूंना दुखत नव्हते. पंधरा दिवसांनी वास येऊ लागला. इस्पितळात नेले तेव्हा बोटे काळी पडली होती. आधी दोन बोटे काढली. मग गुडघ्याखाली पाय.

जानकीबाई महिनाभर आल्या नाहीत. शरच्चंद्रांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी स्वतःला खुर्चीतून गाळ्यावर आणवले आणि जानकीबाईंना तो डबा घेऊन बोलावले. त्या आल्या. पदराखालून डबा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्याच लॉटचा आणखी एक डबा मुकुलने आणला. शरच्चंद्रांनी उजव्या हाताने दिवा पेटवला. मुकुलने आणलेल्या डब्यातला चमचा गडद पिवळा झाला. धाकूंच्या डब्यातली पूड पांढरीच राहिली. तिच्यात जस्त जवळजवळ नव्हतेच.

मुकुल भिंतीला टेकून खाली बसला. मग जानकीबाई अगदी हळू म्हणाल्या, “साहेब, आवाज मी ऐकला होता. तरी डबा मीच घरी नेला.”

शरच्चंद्रांची जीभ आता नीट वळत नसे. त्यांना एकेक शब्द गोळा करावा लागला. “जानकी, पूड चांगली असती तरी ती जखम बरी झाली नसती. ते काम पुडीचं नाहीच. पण आमचं लेबल वाचून तुम्ही पंधरा दिवस थांबलात. ते पंधरा दिवस आम्ही घेतले तुमचे.”

मी हे सगळे ऐकत होतो. पूड चांगली असती तरी पाय गेलाच असता, असे डॉक्टरही म्हणाले होते. मित्रांनो, त्याने माझे ओझे कमी झालेले नाही. धाकू ज्याला जंतुनाशक समजून रोज पायाला लावत होते, ते मी दिलेले शंखजिरे होते.

त्यानंतर मुकुल दुकानादुकानांत जाऊन ते डबे परत आणू लागला. काही दुकानांत त्याला बोलणी बसली. खारदांड्याला सुलक्षणाने तिच्याकडचा डबा त्याच्या हातात दिला आणि ती पुन्हा मासे कापू लागली. ते त्याला सगळ्यांत जड गेले, असे त्याने वडिलांना सांगितले. शेवटी तो धाकूंकडे गेला. कृत्रिम पायाचे माप द्यायला त्याने त्यांना स्वतः धरून नेले. वाटेत धाकूंनी विचारले, डब्यावरचे कोणी लिहिले होते. मुकुल म्हणाला, मी. धाकू म्हणाले, “अक्षरां मोठी होती. माका चष्म्याशिवाय वाचूक इली.” मुकुलने हे सांगितले तेव्हा शरच्चंद्रांनी आपला चालता हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

गाळा बंद झाला. शेवटच्या दिवशी जानकीबाई आल्या. त्यांनी माझे झाकण उघडले आणि रोजच्यासारखे मला आतून ओल्या फडक्याने पुसले, कानाकोपऱ्यातून. आता माझ्यात कोणी काही भरणार नव्हते, हे त्यांना माहीत होते. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर शरच्चंद्र गेले. माझी मोटर कोणीतरी विकत घेतली. मी इस्टेटच्या आवारात जिन्याखाली पडून आहे. माझ्या पोटात कोणीतरी जुने खोके ठेवले आहेत.

मित्रांनो, यंत्राचा आवाज बदलला तर ते थांबवा, एवढे तुम्ही मोठे झाल्यावर लक्षात ठेवालच. पण एक काम तुम्हांला आजच करता येईल. तुमच्या घरातही कोणी दिवसभर उभे राहून काम करणारे असेल, कोणाला मधुमेह असेल. ते म्हणतील, काही झालेले नाही, दुखत नाही. तुम्ही ऐकू नका. खाली बसा, त्यांचे पाय मांडीवर घ्या, दिवा जवळ आणा आणि एकेक बोट हलकेच बाजूला करून बघा. तिथे चीर दिसली तर तिच्यावर काही लावू नका. चप्पल घालून त्यांना तसेच डॉक्टरकडे घेऊन जा, उद्यावर टाकू नका. तेव्हा त्यांना दोन्ही पायांनी चालत जाता येईल.