तूरेची वीट

आमच्याकडच्या गाड्यांच्या शर्यतीत एक नियम आहे. शर्यत संपली की त्या दिवशी धावलेली कुठलीही गाडी कुणीही मागू शकतो. किंमत एकच, सगळ्यांसाठी ठरलेली. मागणारे जास्त असले तर चिठ्ठ्या टाकतात. मालक नाही म्हणाला तर त्याचं शर्यतीचं लायसन्स जातं. पैसेवाल्याने भारी गाडी बनवून बाकीच्यांना धूळ चारू नये, म्हणून ही सोय. सगळ्या स्वीडनमध्ये असंच चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

माझा नवरा तूरे कित्येक वर्षं या शर्यतीत उतरायचा आणि दरवेळी चौथा नाहीतर पाचवा यायचा. गाडी आमची घरचीच, जुनी चौकोनी व्होल्वो, लांब डिकीची, टर्बोवाली. मुलं लहान असताना हिच्यातूनच आम्ही समुद्रावर जायचो. मागे दोन मुलं, कुत्रा आणि बटाट्यांचं पोतं. मुलं घराबाहेर पडली तशी तूरेने आतल्या सीटा काढल्या आणि गाडी उलटली तर जीव वाचावा म्हणून लोखंडी पिंजरा बसवला. लोक तिला वीट म्हणायचे. "काय तूरे, वीट आणलीस? घर बांधतोयस की काय?" तो नुसता हसायचा. मी कठड्याशी सॉसेज खात उभी असायचे आणि घसा फोडून ओरडायचे, "अरे दाब ना, झोपलास का!" ती गाडी कुणी कधी मागितली नाही.

फेब्रुवारीत तूरे गेला. मुलगी गॉथेनबर्गहून आली, आठवडाभर राहिली आणि जाताना म्हणाली, "आई, ते भंगार काढून टाक आता." ती गेल्यावर घरात फ्रीजचा आवाज तेवढा उरला. दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. मग उन्हाळ्यात मी शर्यतीचं लायसन्स काढलं. या वयात ही थेरं कशाला, असं लोक म्हणाले असतील. म्हणोत बापडे. निदान तिथे माणसं तरी भेटतात.

सप्टेंबरच्या शर्यतीआधी मी गाडी धुतली, आतून झाडली. ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली बर्चच्या लाकडाचा एक ठोकळा अडकलेला होता. सरपणाचा तुकडा पडला असेल म्हणून मी तो काढून चुलीत घातला.

शर्यत जुन्या खडीच्या खाणीत होती. पहिल्या फेरीत निशाण पडलं आणि मी पाय पार खाली दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागून कुणीतरी ढकलावं तशी गाडी उसळली. माझं डोकं मागे आपटलं. समोरच्या गाड्या बघता बघता बाजूला आल्या, मागे गेल्या, आणि मग माझ्यापुढे नुसती खडी होती. मी किंचाळत होते, भीतीने की आनंदाने, देव जाणे.

गाडी थांबवून हेल्मेट काढलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठोकळा आपोआप पडलेला नव्हता. तूरेने तो मापात तासून पेडलखाली ठोकला होता, पाय पुरा खाली जाऊ नये म्हणून. ही गाडी काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जिंकला असता तर त्याच दिवशी ती कुणाच्या तरी अंगणात गेली असती. म्हणून हा माणूस इतकी वर्षं मुद्दाम हरत राहिला. मलासुद्धा बोलला नाही! मला त्याचा असा राग आला, असा राग आला, आणि भांडायला तो नव्हता.

त्याच रागात मी अंतिम फेरी चालवली. कुणाला मागे टाकलं ते पाहिलंही नाही. जिंकले.

गाडी मागणाऱ्यांची आल्रिकच्या खिडकीपुढे रांग लागली. आल्रिक क्लबाचं काम बघतो, तूरेचा जुना दोस्त. रांगेतले सगळे गाडीभोवती फिरत होते, बॉनेटखाली डोकावत होते. "कुणाच्या हातची ही?" "तूरेच्या? त्या चौथ्यावाल्या तूरेच्या?" "बाप रे, काय हात होता माणसाचा!" मी कॉफीचा कप धरून ऐकत होते. तूरेने ऐकायला हवं होतं हे.

चिठ्ठी निघाली तुवा नावाच्या मुलीची. तिशीची असेल, पार उत्तरेतल्या लुलिओकडची, नखांत ग्रीस.

आल्रिकने मला बाजूला घेतलं. "गुन्वोर, ऐक माझं. सरळ नाही म्हण."

"लायसन्स जाईल."

"जाऊ दे की! तू काय जगज्जेती व्हायला निघालीस? त्याची गाडी आहे ती. घेऊन जा घरी."

खरं सांगते, जिभेवर 'नाही' आलं होतं. मग डोळ्यांपुढे हिवाळा आला. गोठ्यात ताडपत्रीखाली ती, आणि शेजारच्या घरात गोधडीखाली मी. दोघी गप्प. हिला आता पळता येतं हे माहीत असून मी तिला तिथे कोंडायची?

मी तुवाला किल्ली दिली.

"काकू, हिच्यात काही खोड आहे का? आधीच सांगून टाका," ती म्हणाली.

"सुरुवातीला घटकाभर काहीच होत नाही," मी म्हटलं. "घाबरून पाय काढू नकोस."

"माझ्या नवऱ्यासारखंच झालं की हे!" ती खिदळली. मग माझ्या तोंडाकडे बघून एकदम थांबली. "तुमचे यजमान आलेत का इथे?"

"नाही. तो गेला. फेब्रुवारीत." दिवसभरात हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग तिची माणसं हाका मारायला लागली.

घरी येताना जीपमागे गाडी वाहून न्यायचा ट्रेलर रिकामाच प्रत्येक खड्ड्याला उड्या मारत होता. मी जीप अंगणात वळवली, उतरून गोठ्याचं दार सताड उघडलं, ट्रेलर मागे घेत बरोब्बर दाराशी लावला, फळ्या खाली टाकल्या. आणि मग लक्षात आलं की उतरवायला काहीच नाही.

"तूरे," मी म्हटलं, "मी दिली रे आपली वीट."

आत तेलाचा वास तेवढा होता. मी फळ्या उचलल्या आणि दार ओढून घेतलं.