अर्धा तास मागं

नोला गेली हे डेन्झिलला कळलं तेव्हा तो मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होता. फोन अॅडलेडच्या इस्पितळातून होता. आदल्या दिवशी डॉक्टरांचं छोटं विमान तिला घेऊन गेलं होतं. ब्रोकन हिलमध्ये दुखणं हाताबाहेर गेलं की माणसाला अॅडलेडलाच नेतात. विमानात दुसऱ्या माणसाला जागा नव्हती, म्हणून तो बसने मागून जाणार होता. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. फोनवरची बाई हळू आवाजात बोलली. डेन्झिलने तिचे आभार मानले. फोन ठेवून तो पुन्हा अंगणात गेला आणि उरलेले कपडे काढले. त्यात नोलाचा एक झगा होता. त्याने तो घडी घालून तिच्या कपाटात ठेवला, आणि मग खाटेवर बसला तो संध्याकाळपर्यंत.

विमानात चढवण्याआधी नोलाने त्याची बाही धरली होती. "काही झालंच, तर थेल्माला फोनवर सांगू नकोस. स्वतः जा."

काही होत नाही तुला, असं तो म्हणाला होता.

"जा म्हणजे जा," ती म्हणाली. त्यांचं शेवटचं बोलणं तेवढंच.

थेल्मा म्हणजे नोलाची थोरली बहीण. ती मेलबर्नच्या एका वृद्धाश्रमात राहायची. पाय गेले होते, पण डोकं आणि डोळे शाबूत होते. दोघींचा भाऊ रॉन तरुणपणी खाणीत दगावला, तेव्हा थेल्मा मेलबर्नला नोकरीला होती आणि मुलींच्या एका वसतिगृहात राहायची. तिला बातमी फोनवर कळली. जिन्याखालच्या फोनचा रिसीव्हर हातात धरून ती उभीच राहिली. जवळ ओळखीचं कुणी नव्हतं. तेव्हापासून फोन वाजला की थेल्मा आधी खुर्ची बघायची, बसायची, आणि मगच उचलायची. म्हणून नोला तिला दर रविवारी ठरलेल्या वेळीच फोन करायची. हा फोन नोलाचाच, हे तिला न उचलता कळावं.

आता रविवारचा फोन डेन्झिलच्या अंगावर पडला. न करावा तर थेल्मा काळजी करणार, करावा तर काय बोलणार? पहिल्या रविवारी त्याने सांगितलं की नोलाचा घसा बसलाय. दुसऱ्या रविवारी सांगितलं, झोपली आहे. त्याला खोटं बोलता यायचं नाही. नोला म्हणायची, हा खोटं बोलायला लागला की कान आधी लाल होतात. फोनवर कान दिसत नाहीत, एवढीच सोय.

डार्विनला दिलेली मुलगी, लीआन, अंत्यविधीला आली होती. तिचं म्हणणं, वृद्धाश्रमातल्या मोठ्या नर्सला कळवावं, ती जवळ बसून मावशीला सांगेल. त्यांना शिकवलेलं असतं असलं सगळं.

"तुझ्या आईने मला सांगितलंय, नर्सला नाही," डेन्झिल म्हणाला.

लीआनने वाद घातला नाही. डार्विनला परतण्याआधी तिने संगणकावर त्याची तिकिटं काढून दिली. शनिवारी मिल्डुराहून मेलबर्नचं विमान, रविवारी संध्याकाळी परत. शनिवारी दुपारी मावशीकडे जा, तिला सांग, रात्री जवळच्या हॉटेलात राहा, रविवारी सकाळी पुन्हा तिच्यापाशी बस. सांगून लगेच निघून यायचं असं होऊ नये म्हणून मधे एक रात्र. हिशेब चांगला होता. त्यात काही चूक नव्हती.

मिल्डुरापर्यंत सोडायला साल्वू तयार झाला. साल्वू माल्टाचा, पण आई त्याला कडेवर घेऊन ब्रोकन हिलमध्ये आली होती. डेन्झिलबरोबर तो सगळं आयुष्य खाणीत होता. दोघं शनिवारी उजाडताना निघाले. डेन्झिलच्या मांडीवर क्वांडाँगच्या जॅमची बाटली होती. ही आंबट लाल फळं नोला दरवर्षी माळावर जाऊन वेचायची. थेल्माला मेलबर्नमध्ये सगळं मिळायचं, हे सोडून.

रस्ता सरळ आणि रिकामा. साल्वूने बोलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. डेन्झिल मनात वाक्य जुळवत होता. "थेल्मा, वाईट बातमी आहे." नको. "थेल्मा, नोला गेली." त्यापुढं काय? प्रत्येक वेळी तो तिथपर्यंत यायचा आणि पुढं नुसतं माळरान.

वेंटवर्थला नदीकाठी बेकरी आहे. साल्वूने गाडी थांबवली. भरपूर वेळ आहे, पोटात काही टाक, म्हणाला. घरी काय खातोस ते मला माहीत आहे. दोघं बाकावर बसून खिमा भरलेली पेस्ट्री खात होते. खिमा कसला, त्यात बटाटाच जास्त, अशी साल्वूची तक्रार. मग त्याने कॉफी आणली. मग एका ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगितली, त्याने पाण्याच्या टाकीत बीअर लपवली होती त्याची. डेन्झिल एकदा हसलासुद्धा. किती दिवसांनी हसलो असं वाटून त्याला लगेच थकवा आला.

मिल्डुराच्या विमानतळावर ते पोचले तेव्हा एक विमान वर चढत होतं. साल्वूने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, बघ, असं जाणार तू आता.

काउंटरवरची मुलगी तिकीट बघून म्हणाली की विमान गेलं. साल्वूने मनगट तिच्यापुढं धरलं. तिने त्याच्या घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि विचारलं, "तुम्ही हिलचे का?"

तेव्हा कुठं दोघांच्या डोक्यात उजेड पडला.

ब्रोकन हिल राज्याने सिडनीचं, पण घड्याळाने अॅडलेडचं. सिडनी, मेलबर्न, मिल्डुरा सगळी अर्धा तास पुढं. हिलच्या माणसाला याचा अभिमान. आमचा अर्धा तास सिडनीवाल्यांना कशाला द्यायचा, असं म्हणत डेन्झिलचा बाप आयुष्यभर एकच वेळ दाखवणारं घड्याळ वापरत आला, आणि डेन्झिलही. बाहेरगावी निघालं तरी तो काटे हलवायचा नाही. हलवायची नोला. वेंटवर्थचा पूल आला की ती त्याचं डावं मनगट धरायची, आणि तो उजव्या हाताने गाडी चालवत असताना घड्याळाची चावी ओढून काटे पुढं करायची. येताना त्याच पुलावर मागं. तो दर वेळी कुरकुरायचा. दर वेळी मनगट मात्र द्यायचा. आज ते पुलाजवळ बसून कॉफी प्यायले, आणि मनगट कुणी धरलं नाही.

"इतकी वर्षं खाणीत एका शिफ्टला उशीर केला नाही मी," साल्वू म्हणाला. "आणि आज बघ. दोन म्हातारे, दोन घड्याळं, दोन्ही चुकीची."

संध्याकाळचं विमान भरलेलं होतं. मेलबर्नला फुटबॉलचा मोठा सामना होता, अर्धं मिल्डुरा तिकडे निघालेलं. साल्वू म्हणाला, चल, मीच नेतो मेलबर्नला. पण दिवे लागले की त्याला कांगारू आणि विजेचा खांब सारखेच दिसायचे, हे त्यालाही माहीत होतं. शेवटी दुपारची बस मिळाली. तिने बेंडिगोपर्यंत जायचं, पुढं आगगाडी. हॉटेलात उशिरा पोचू, पण रविवारची सकाळ हातात राहील, असा डेन्झिलने विचार केला. बसमध्ये चढताना साल्वूने खिडकीखालून हाक मारली.

"घड्याळ तेवढं पुढं कर आता."

डेन्झिलने चावीला बोटं लावली. तशीच थोडा वेळ ठेवली. मग हात खाली घेतला.

ऊयेन गावाच्या अलीकडे बसला एमू धडकला. पक्षी मेला आणि बसचा रेडिएटर फुटला. प्रवासी रस्त्याकडेला उभे राहिले. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा सांगत होता की दुसरी बस निघाली आहे. ती निघाली असेलही, पण येईपर्यंत बेंडिगोची शेवटची गाडी गेलेली होती. डेन्झिलने रात्र बेंडिगोच्या स्टेशनबाहेर एका खानावळीच्या माडीवर काढली. बूटसुद्धा न काढता आडवा झाला. सकाळी कळलं की रुळांचं काम चालू आहे, रविवारी गाड्या नाहीत, त्यांच्या जागी बसेस. त्या प्रत्येक स्टेशनात वळून जायच्या, कुणी चढो न चढो. जॅमची बाटली त्याने कोटाच्या खिशातून एकदाही काढली नाही. आता त्याला राग येत नव्हता. एका बसमधून उतरून दुसरीत बसायचं, एवढंच काम उरल्यासारखं वाटत होतं, आणि ते काम तो करत होता.

वृद्धाश्रमाच्या दारापाशी पोचला तेव्हा दुपार झाली होती. दारावर कागद चिकटवलेला. आत उलट्या-जुलाबाची साथ आली होती, कुणाही पाहुण्याला प्रवेश नाही. त्याने घंटी वाजवली. ग्रेस नावाची एक नर्स तोंडाला मास्क लावून काचेच्या दाराशी आली. तिने सगळं ऐकून घेतलं. फक्त कशासाठी आलोय ते त्याने तिला सांगितलं नाही. ते थेल्माच्या आधी दुसऱ्या कुणाला सांगावं असं त्याला वाटेना.

"हिलहून आलात? एवढ्या लांबून?" ग्रेस म्हणाली. "मला खरंच वाईट वाटतं. पण मी दार उघडू शकत नाही. आतले सगळे ऐंशीच्या पुढचे आहेत. कुणी दगावलं तर?"

ते खरंच होतं. त्याने मान हलवली. मग ग्रेस म्हणाली की बागेच्या बाजूने या, मी थेल्माबाईंना खिडकीशी आणते. खोलीत फोन आहे. काचेतून बघा आणि फोनवर बोला.

जॅमची बाटली ग्रेसने दाराच्या फटीतून घेतली आणि पुसून ठेवली.

खिडकीखाली गुलाब होते, त्यांच्यात उभं राहावं लागलं. थेल्माला चाकांच्या खुर्चीत आणलं. ती पूर्वीपेक्षा लहान दिसत होती. नोलाचीच हनुवटी, नोलाच्याच भुवया. डेन्झिलने नोलाचा फोन काढला; त्याच्याकडे दुसरा नव्हताच. आत घंटी वाजली. थेल्मा आधीच बसलेली होती, तरी तिने खुर्चीचा हात घट्ट धरला, आणि मगच रिसीव्हर उचलला.

"डेन्झिल, केवढा वाळलास रे. नोला कुठाय?"

"नाही आली ती."

"घसा अजून बसलेलाच आहे?"

त्याच्या आणि तिच्यामध्ये एक काच होती. तो तिचा चेहरा बघू शकत होता. ग्रेस मागंच उभी होती, थेल्मा कोसळली तर ती धरेल. एवढा लांब आलो, सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. तोंडही उघडलं. पण थेल्माच्या हातात रिसीव्हर होता, आणि ती तो दोन्ही हातांनी धरून होती. नोलाने सांगितलं होतं ते नेमकं हेच होतं, की असं नको.

"मी थकलोय जरा," तो म्हणाला. "बस बंद पडली. विमान चुकलं."

"विमान कसं चुकलं?"

फोन कानाला लावलेला त्याचा डावा हात काचेला टेकला होता. थेल्माची नजर त्याच्या मनगटावर गेली. तिने तिथे पाहिलं, मग आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा मनगटाकडे.

"नोलाने काटे पुढं नाही केले?"

"नाही."

"पुलावर?"

"नाही केले, थेल्मा."

त्याला आपले कान तापल्याचे जाणवले, आणि या वेळी तर तो खोटं बोलतही नव्हता. थेल्मा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "हे दार उघडतील तेव्हा ये. आत येऊन माझ्याजवळ बस. आता काही बोलू नकोस."

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. तो एकदा घसरला, तिने पुन्हा नीट ठेवला. मग ग्रेसला हाताने खूण केली. ग्रेसने खुर्ची वळवली.

परतीचं विमान वेळेवर सुटलं. मिल्डुराला साल्वू उभा होता, घड्याळ बरोबर लावून. सांगितलंस का, एवढंच त्याने विचारलं. डेन्झिलने मान हलवून नाही म्हटलं. रात्र मिल्डुरातच काढून दोघं उजाडल्यावर निघाले, आणि साल्वूने हिलपर्यंत एकही विनोद केला नाही. वेंटवर्थच्या पुलावर त्याने गाडी जरा हळू केली. डेन्झिलचं घड्याळ मागं करायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी ठरलेल्या वेळी डेन्झिलने वृद्धाश्रमात फोन लावला. ग्रेसने उचलला. म्हणाली, थेल्माबाई फोनवर यायला नाही म्हणतात, आणि दार अजून बंदच आहे, बहुतेक या आठवड्यात उघडेल. जॅम त्यांनी उघडलेला नाही. उशाशी ठेवला आहे.

लीआनने विचारलं, पुन्हा तिकीट काढू का. काढ म्हणाला, दार उघडलं की.

थेल्माला अजून सांगायचं राहिलं आहे.