निकालाबाहेर

बाईंनी पुन्हा कडी वाजवली, तेव्हा कुठे दार उघडलं. ओल्या हातांनीच चिमणीची आई उभी होती.

“बरं नाही का तिला? वार्षिक परीक्षा होती आज.”

“ठणठणीत आहे. या ना आत.”

चिमणी धुतलेले कपडे घडी करत बसली होती. वर्गातली सगळ्यांत लहानखुरी, म्हणून हे नाव बाईंनीच ठेवलेलं. अक्षरांशी तिचा छत्तीसचा आकडा. बाई वर्षभर मधल्या सुट्टीत तिला शेजारी बसवून शिकवत होत्या. परवाच तिने अडखळत का होईना, अख्खा धडा वाचून दाखवला होता.

याच वर्षापासून वर्गाच्या निकालावर शिक्षकांचा पगार ठरू लागला होता. तेव्हापासून कच्ची मुलं नेमकी परीक्षेच्या दिवशी आजारी पडत. शाळेचा निकाल झकास लागणार, यात कुणालाच शंका नव्हती. हेडमास्तर बाईंनाही म्हणाले होते, “तिला घरीच राहू द्या. एकटी अख्ख्या वर्गाला खाली ओढते.” बाईंनी साफ नकार दिला होता.

पण एका दुपारी, चिमणी त्याच शब्दाला पुन्हा अडली तेव्हा, त्यांच्या तोंडून निसटलं होतं, “तुझ्यापायी माझा पगार बुडणार बघ.” लगेच त्या हसल्याही होत्या. चिमणीही हसली होती.

“का गं आली नाहीस?”

चिमणी सदऱ्याची बाही सरळ करत राहिली. आईच म्हणाली, “किती उठवलं मी. म्हणते, मी गेले तर बाईंचं नुकसान होईल.”

बाई चिमणीसमोर खाली बसल्या.

“अगं, गमतीने बोलले मी. तुला येत होतं की सगळं.”

“सगळं नाही, बाई. जोडाक्षरं राहतात.”

“मग ती शिकू. उद्यापासून ये.”

आईने हात पुसले. “उद्यापासून ती माझ्याबरोबर कामाला येणार आहे. शाळा नको म्हणते. मी तरी किती मागे लागू?”

बाईंनी चिमणीचा हात धरला. “सुट्टी संपल्यावर तरी येशील ना?”

एखाद्या लहान मुलाची समजूत काढावी, तसं चिमणी हळू आवाजात म्हणाली, “पुढच्या वर्षीही परीक्षा असतेच ना, बाई.”

तिने अलगद हात सोडवून घेतला आणि पुढचा सदरा उचलला.