पिसवांसाठी पुसलेली फरशी

माझा नातू झाला ते १९९४ साल. सप्टेंबरची चौदा तारीख, घरोघरी गणपती बसलेले. आम्ही सुरतेच्या डिंडोलीत एका खोलीत राहत होतो. मुलगा हिलाल कापडाच्या लूमवर कामाला, सून शोभा बाळंतीण.

आठवड्याने सुरतेत प्लेग आल्याची बातमी पसरली. गल्ली रिकामी व्हायला लागली. शेजारची धुरपदाबाई बोचकं बांधून दारात आली.

"काय वं, निघत का नाही? उंदीर तुला बोलावणं धाडणार आहे का?"

"बाळंतीण आहे. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही."

"सव्वा महिना राहशील का, ते बघ आधी. उंदरावरच्या पिसवांनी रोग येतो म्हणे. माणसाला विचारून चावतात का त्या?"

ती गेली. हिलालही म्हणाला, "आई, जाऊ या धुळ्याला." गाडीला माणसं लटकत होती. त्या गर्दीत ओली बाळंतीण न्यायची नाही, असं मीच ठरवलं.

पंचवीस तारखेला बाळाचा बारावा दिवस होता. बारशाला येणारं कोणी उरलं नव्हतं, पण खोली स्वच्छ करायची होती. मी कडुलिंबाचा पाला उकळला, त्यात खडेमीठ टाकलं आणि फरशी दोनदा पुसली. मुंग्या येऊ नयेत म्हणून एरवी मी बादलीत झाकणभर रॉकेल घालत असे. त्या दिवशी पिसवांचा विचार डोक्यातून जाईना. अर्धी बाटली बादलीत ओतली. उरलेलं तसंच, पाणी न घालता, कोपऱ्यांत आणि बाजेखाली फिरवलं. बाजेखाली गोणपाट अंथरलेलं होतं, तेही भिजवलं. पिसवा त्यातच बसतात, असं मला वाटलं.

"आत्याबाई, वास डोक्यात जातो," शोभा म्हणाली. "दार उघडता का?"

"बाळंतिणीला वारं लागतं. जरा सोस."

"सोसते. पण तुमच्या पिसवांआधी मीच मरेन बघा." ती हसली आणि तोंडावर पदर धरून बाजेवर आडवी झाली.

अंग शेकायची तिची वेळ झाली होती. रोज या वेळी मी शेगडीत निखारे भरून बाजेखाली सरकवायची. हात रोजच्या कामाला लागले. मी बाहेर निखारे फुलवले, ओवा टाकला, शेगडी आत आणली आणि बाजेखाली ढकलली. मग बाळाला तेल लावायला मांडीवर घेऊन दाराशी बसले.

गोणपाटाने पेट घेतला. जाळ बाजेच्या सुतळीतून वर आला. शोभाच्या अंगावर हिलालने कारखान्यातून आणलेली नायलॉनची साडी होती. ती जळली नाही, वितळून अंगाला चिकटली. हिलाल बाहेरून धावत आला आणि गोधडी टाकून त्याने तिला बाहेर ओढलं. रिक्षा नव्हतीच. दोघा माणसांनी हातगाडीवरून तिला दवाखान्यात नेलं.

तिथे पोलिसाने मला बाहेर उभं केलं आणि तिला विचारलं, "रॉकेल कोणी टाकलं?"

मला दारातून ऐकू येत होतं.

"सासूने," शोभा म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "फरशी पुसायला. पिसवा मराव्या म्हणून. लिहा नीट."

पोलिसाने तसं लिहून घेतलं. हिलाल त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. आमच्या गल्लीत प्लेगने कोणीही मेलं नाही. माझी सून शोभा मंगळवारी, सत्तावीस सप्टेंबर १९९४ ला सकाळी भाजल्यामुळे मेली. तिला बाविसावं वर्ष चालू होतं.