झाकणाला पोट नाही, तरी दुखतं

मी झाकण बोलतोय. हो, झाकणच. तुम्हाला वाटलं असेल पातेलं बोलेल. ते काय बोलणार, इतकी वर्षं त्याच्या तोंडावर मीच बसलोय!

अंगानं मी ॲल्युमिनियमचा. डोक्यावर काळी मूठ, तीही एका बाजूनं जळलेली. लिहिण्यावाचण्याच्या नावानं बोंब. पाकिटांवरची अक्षरं रोज डोळ्यांसमोरून जातात, पण त्यांची माझी ओळख नाही. कान मात्र तिखट. भिंतीला कान असतात म्हणता ना, मग झाकणाला असले तर कुणाचं काय बिघडलं?

जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये. यंत्र खाली आलं, धप्प, आणि मी गोल झालो. त्याच पत्र्यातून पातेलं निघालं. दुकानात आम्ही दोघं धूळ खात पडलो होतो. मग एक नवराबायको आले, नुकतंच लग्न झालेले. बाईनं पातेल्याच्या बुडावर टिचकी मारली, मला उचलून त्याच्यावर ठेवलं. टक्! "अहो, बघा, कसं नीट बसतंय." तेव्हा बसायचो मी नीट. तरुणपणी सगळेच नीट बसतात.

नवऱ्याचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक लांब आरसा. मी त्याला कात्रीवाला म्हणतो. घरातलं रोजचं जेवण बाई करायची, पण दुकान बंद असायचं त्या दिवशी गॅस कात्रीवाल्याच्या ताब्यात. आणि त्याला येत होतं काय? उकळायला! नूडल्स उकळ, पास्ता उकळ, एवढीच त्याची विद्या. पण त्या विद्येवर माणूस राजा झाला होता. त्यानं सगळ्यांना आपली दुकानातली नावं ठेवलेली. लांब नूडल्स म्हणजे 'मोकळे'. स्क्रूसारखा पास्ता म्हणजे 'कुरळे'. बारीक बारीक तुकडे असतात ना, ते 'बारीक कटिंग'. बाहेरचा कुणी ऐकेल तर पुढ्यातली बशी सोडून पळेल.

"बोला, आज काय करायचं? मोकळे की कुरळे?"

"आधी तुमचे पांढरे झालेत ते बघा," बाई म्हणायची.

मुलगी झाली. हिचं नाव मी ठेवलं चिमटी. झाकण जरा सरकलं की ही पातेल्यात दोन बोटं घालून नूडल ओढायची, म्हणून चिमटी. तिला ताप आला की बापाची बारीक कटिंग, गाजर-मिरपूड घातलेल्या पातळ सुपात. शाळेत मार खाऊन आली की कुरळे, वर किसलेलं चीज, इतकं की पास्ता खणून काढावा लागायचा. आणि सुट्टीच्या दिवशी मोकळे. टोमॅटो, ठेचलेला लसूण, लोण्याचा गोळा. लसूण लोण्यात पडला की शेजारची मांजर खिडकीत.

आता माझा पोचा कसा पडला ते ऐका. या चिमटीनं एकदा मला जमिनीवर उलटं ठेवलं, माझ्यात बसली आणि जिन्यावरून सोडली की गाडी! धडाड् धड् धड्. खाली पोचलो तेव्हा तिच्या कपाळावर टेंगूळ आणि माझ्या काठावर पोचा. पोरीचं टेंगूळ दोन दिवसांत उतरलं. माझा पोचा अजून आहे.

कात्रीवाल्यानं हातोडी आणली. मला सरळ करणार होता. चिमटीनं मला छातीशी धरलं नि भोकाड पसरलं, "त्याला लागेल, बाबा! त्याला लागेल!"

हातोडी परत गेली. तेव्हापासून मी पातेल्यावर बसतो तो ओठ मुडपून. नख जाईल एवढी फट. आणि याच फटीनं माझं नशीब काढलं बघा. नूडल्स शिजल्या की पाणी ओतायला कात्रीवाला मला फडक्यानं दाबून धरायचा आणि पातेलं मोरीवर तिरकं करायचा. फटीतून पाणी बाहेर, नूडल्स आत. पाण्याबरोबर वाफही बाहेर, मग त्याचा नाच सुरू.

"हाय हाय हाय! बोटं! माझी कात्रीची बोटं!"

खरं सांगू? त्यातले अर्धे चटके मी मुद्दाम द्यायचो. जरा अंग तिरकं केलं की वाफेचा एक फुसकारा बरोबर त्याच्या करंगळीवर. चिमटी टाळ्या पिटायची. बाई म्हणायची, "जगाच्या मानेवर वस्तरा फिरवतो माणूस, आणि घरी वाफेला भितो!" तो कंटाळून "बास, झालं झालं" करत पातेलं खाली ठेवायचा. सगळं पाणी कधी जायचंच नाही. तळाशी गढूळ, पिठूळ असं थोडं उरायचं. त्यातच टोमॅटो, त्यातच लसूण, त्यातच लोणी. ढवळलं की सगळं कसं चकचकीत, एकजीव. तिघं एकाच पातेल्यावर तुटून पडायची. शेवटी चिमटी मला उचलून आतून चाटायची. एवढा मान कुठल्या झाकणाला मिळालाय, सांगा!

पण चांगलं चाललेलं कुणाला बघवतं?

चिमटी मोठी झाली, नोकरी लागली, दुसऱ्या गावी खोली घेऊन राहायला लागली. सुट्टीला घरी यायची. पहिल्याच खेपेला येताना तिनं एक खोका आणला. बापानं उघडला. आत चाळणी.

स्टीलची. झगझगीत. तीन पाय, दोन कान, आणि अंगभर भोकं. एवढी भोकं घेऊन माणूस लाजेनं तोंड लपवेल, ही आपली मिरवत होती!

"बाबा, आता बोटं भाजून घ्यायची नाहीत," चिमटी म्हणाली.

कात्रीवाल्याचे डोळे भरून आले. कात्रीवाल्याचे! जो चटका बसला तरी रडत नाही, नुसता ओरडतो. त्यानं चाळणी दोन्ही हातांनी धरली, उजेडाकडे करून तिच्यातून पोरीकडे बघितलं. आणि मग चाळणी टांगली. कुठे? ओट्यावरच्या माझ्या खिळ्यावर! मला काढलं आणि ताटांच्या मागे उभं केलं, भिंतीकडे तोंड करून. शाळेत मस्ती केलेल्या पोराला करतात तसं.

मला पोट नाही. तरी तेव्हापासून ते दुखतंय.

त्या दिवशी मोकळे केले. चाळणी मोरीत तीन पायांवर उभी राहिली, जशी काय महाराणी. कात्रीवाल्याच्या बोटाला ना वाफ, ना चटका. आणि मग गडी हलवायला लागला. खाली-वर, खाली-वर, झटकतोय, आपटतोय.

"अहो, गिऱ्हाईकाचं डोकं आहे का ते, इतकं कोरडं करायला?" बाई म्हणाली.

"अगं, पोरीनं एवढी छान वस्तू आणलीये. एक थेंब राहू देणार नाही."

नाहीच राहू दिला. लोणी घातलं ते एकीकडे, टोमॅटो दुसरीकडे, आणि मोकळ्यांची झाली जट. काटा घातला तर अख्खा गोळा वर यायचा. चिमटीनं चार घास खाल्ले. म्हणाली, "मस्त झालंय बाबा. दुपारी जरा जास्त खाल्लं मी."

मस्त! मुली 'मस्त' म्हणतात आणि बशी अर्धी ठेवतात, याचा अर्थ मला निरक्षराला कळतो. ताटांच्या मागून मी हसलो. खूप हसलो. चाळणीनं पाणी भरता येत नाही म्हणतात. अहो, स्वयंपाकही करता येत नाही!

पुढच्या खेपेला कात्रीवाल्यानं लोणी दुप्पट घातलं. त्याच्या पुढच्या खेपेला लसूण. चाळणी मात्र तीच, आणि झटकणंही तेच. पोरगी 'मस्त मस्त' म्हणत बशी बाजूला करायची. मग फोनवर सांगायला लागली, "या सुट्टीला नाही जमत बाबा, काम आहे."

कात्रीवाला सुट्टीच्या दिवशी नुसता खुर्चीत बसून राहायला लागला. गॅस बंद. एकदा बायकोला म्हणाला, "हात गेला गं माझा. ती काय, बाहेर चांगलंचुंगलं खाते. माझ्या उकडलेल्यासाठी कशाला येईल?"

"काहीतरीच बोलू नका."

"आता आली की बाहेरून मागवू. मी नाही करणार."

आता मला आनंद व्हायला हवा होता. चाळणीचं नाक कापलं गेलं होतं ना! पण मान वळवून ताटांच्या फटीतून बघितलं की तो खुर्चीत बसलेला दिसायचा, हात मांडीवर, बोटं धडधाकट, एकाही बोटाला चटका नाही. ती बोटं मला बघवेनात. आणि तिकडे ती भोकाडी माझ्या खिळ्यावर टांगून चकाकतेय! अंगाचा नुसता तिळपापड.

मग एकदा चिमटीचा फोन आला, येतेय म्हणून. कात्रीवाला बाहेरून मागवायला निघाला, तर बाई दारात आडवी. "बाहेरचं काही नको. ती आपल्या घरी येतेय, हॉटेलात नाही. तुम्ही करा." तिच्यापुढे कुणाचं चाललंय?

सकाळी बाईनं फळ्या पुसायला घेतल्या. भांडी उतरवली, परत चढवली, आणि मला ठेवलं वरच्या फळीवर, अगदी काठाला. खाली बघतो तर काय, नेमकी चाळणी!

असे योग रोज येत नाहीत.

पोच्याच्या बाजूनं जरा कललो आणि सोडलं अंग. ठाण्ण! चाळणी खिळ्यावरून उडाली ती थेट पिठाच्या मोठ्या पिंपामागे. मी जमिनीवर घर्र घर्र गोल फिरलो आणि बाईच्या पायाशी येऊन शांत पडलो. साधूसारखा.

"मेलं हे झाकण!" बाई म्हणाली. म्हणू दे. चाळणी पडलेली तिच्या लक्षातच आली नाही.

दुपारी पातेलं खदखदतंय, चिमटी ओट्याला टेकून उभी, आणि कात्रीवाला शोधतोय.

"अगं, चाळणी कुठाय?"

"खिळ्याला असेल."

"खिळ्याला खिळाच आहे फक्त!"

"बाबा, लगदा होईल त्याचा!" चिमटी ओरडली. "झाकण घे, झाकण!"

आला की नाही मी कामाला? फडकं आलं, त्यानं मला दाबलं, पातेलं तिरकं झालं. इतक्या दिवसांची साठवलेली वाफ, सोडली एकदम!

"हाय हाय हाय! बोटं! माझी कात्रीची बोटं!"

चिमटी हसून हसून खाली बसली. त्यानं तळाशी थोडं पाणी तसंच ठेवून पातेलं आदळलं, टोमॅटो घातला, लसूण, लोणी, ढवळलं. चकचकीत. मांजर खिडकीत हजर.

पोरगी खायला लागली. दुसऱ्यांदा घेतलं. मग पातेलंच पुढ्यात ओढलं. खरवडून झालं आणि हात माझ्याकडे आला. एवढी घोडी झाली तरी मला आतून चाटलं!

"बाबा, आज कसं काय जमलं?"

"आज? म्हणजे इतके दिवस जमत नव्हतं?"

तिची जीभ अजून माझ्यावरच.

"खरं बोल."

"जट व्हायची रे बाबा. गिळवायची नाही. पण बोलणार कशी? चाळणी मीच आणली होती."

"आणि मी कसा बोलणार? तू आणली होतीस!"

"घ्या," बाई म्हणाली. "बाप तशी लेक. अहो, मी पहिल्याच दिवशी बोलले होते, गिऱ्हाईकाचं डोकं पुसल्यासारखं करू नका. झाकणानं ओतायचात तेव्हा तुमची बोटं भाजायची, म्हणून पाणी अर्धवट राहायचं. त्या पाण्यानंच तर सगळं एकत्र यायचं."

मी फुगलो. पोचा भरून येतो की काय इतका फुगलो. आता खिळा माझा!

आणि बाईनं पुढचं वाक्य टाकलं. "त्यात काय एवढं? चाळणीत ओतायच्या आधी एक कप पाणी काढून ठेवायचं. झालं!"

एक कप! कान तुटलेला एक चहाचा कप! माझ्या जन्माची कमाई त्या कपात. बरं, झाडूनं पिंपामागून चाळणी काढली तर तिचा एक पाय वाकडा झालेला. "अगं बाई गं, बिचारी!" म्हणून तिघांनी तिला कुरवाळली. करायला गेलो काय आणि झालं काय. तिलाही पोचा मिळाला, माझ्या हातून!

दुसऱ्या दिवशी चिमटी निघाली. बॅग भरता भरता म्हणाली, "बाबा, मला झाकण दे."

"हे? अगं, पोचा आहे त्याला. नवीन घेऊ ना."

"पोचा माझाच आहे," ती म्हणाली.

कात्रीवाला उठला. दुकानातला पांढरा कपडा, गिऱ्हाईकाच्या गळ्याभोवती बांधतात तो, त्यात त्यानं मला गुंडाळलं. बाई म्हणाली, "आणि नुसतं झाकण घेऊन काय डोक्यावर ठेवणार आहेस?" मग पातेलंही गुंडाळलं.

आता मी चिमटीच्या खोलीत असतो. एक खिडकी, एक शेगडी. दमून आली की पातेलं ठेवते, बापाला फोन लावते, "बाबा, आज कुरळे," आणि मला दाबून पाणी ओतते. तिचा नाच अगदी बापासारखा. मीही कमी पडू देत नाही. मला चाटतेही. सगळं आहे. जिंकलोच म्हणा ना मी.

पण पोट दुखायचं थांबत नाही. तिकडे माझ्या खिळ्यावर ती लंगडी टांगलीये. सुट्टीच्या दिवशी कात्रीवाला तिचेच दोन्ही कान धरतो. परवा फोनवर सांगत होता, "कप ठेवायला विसरत नाही बरं का मी. आणि काल त्या कपानं असा चटका दिला करंगळीला!"

कपानं! करंगळी माझी, चटका माझा, आणि मान त्या कान तुटक्याला!

तुम्हाला एकच सांगणं आहे. घरच्यांसाठी असलं काही उकळाल तेव्हा सगळं पाणी मोरीला दाखवू नका. आणि एखादं झाकण वाकडं बसत असेल, तर हातोडी घ्यायच्या आधी ते वाकडं कुणी केलं, ते जरा आठवा.

चला, मला कामं आहेत. कात्रीवाला पुढच्या सुट्टीला इकडे येणार आहे. स्वतः मोकळे करणार म्हणे. मी वाफ राखून ठेवलीये.